सीटखालचं

पहिली मॉरिस आली तेव्हा पालांदुरकर साहेब म्हणाले,
एकच. हौस म्हणून.
बाई पोर्चमध्ये कप धरून उभ्या होत्या.
त्यांनी आभाळाकडे पाहिलं, नागपूरचं, मे महिन्यातलं,
पांढरं.

आता अकरा आहेत.
हिंगण्याच्या शेडला चार कूलर, गाड्यांकरता.
वॉचमन रामटेकेला एक टेबल फॅन.
दमट झालं तर पत्रा गंजतो,
कोरडं झालं तर रबर तडकतं.
एवढी निगा साहेबांनी गुडघ्याची राखली असती
तर जिना चढता आला असता.

मी हेडाऊ. सीटा शिवतो.
बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा,
काठात एक धागा चुकला
तर कंदील लावून रात्रभर उसवायचा.
माग भंगारात गेला, मी सुई जाड केली.
आता हिलमनचं, डॉजचं, हेराल्डचं कातडं
गुडघ्यांत धरून ताणतो.
साहेब बाजूला खुर्ची टाकून टाके मोजतात.
"इंचाला सात होते, हेडाऊ. तुमचे आठ आहेत."
मी म्हणतो, एक माझ्याकडून.
हसत नाहीत.

मूळचं पाहिजे त्यांना.
मूळचा स्क्रू, मूळची काच,
मूळचा तो हिरवा, जो आता कुठल्याच डब्यात मिळत नाही.
दाराच्या एका मुठीसाठी कोइमतूरला गेले,
मुलीचा साखरपुडा उरकला त्या रात्री परतले,
मूठ रुमालात,
देवळातून अंगारा आणावा तशी.
जावई म्हणाला, बाप्पा, एवढ्यात तं नवी गाडी आली असती!
साहेब म्हणाले, नवी काय, कोणीही घेतो.

रात्री फोन येतात त्यांना.
अचलपूरकडे एका गोठ्यात ऑस्टिन आहे, कोंबड्या बसतात तिच्यात.
छिंदवाड्याला एका म्हातारीकडे जीप, नवऱ्याची.
"विकत नाही म्हणते," मला सांगतात,
आणि आवाज असा होतो
की वाईट कोणाचं वाटून घ्यावं, कळत नाही.

चालवत तर नाहीत.
जानेवारीत एकदा, सिव्हिल लाइन्समधून झिरो माइलपर्यंत,
धूर सोडत, ओळीनं.
तर्री पोह्याच्या ठेल्यावरची पोरं मोबाईल उंच धरतात.
मागच्या सीटवर कोणी बसायचं नाही.
सुरकुती पडते.

पण जुनी सीट उसवताना मी एकटा असतो.
काथ्यात कोपरापर्यंत हात घालतो
आणि बसलेले लोक निघू लागतात.
केसांचा आकडा. चार आणे.
इतवारीच्या कापडगाठीची पावती, सन एकसष्ट.
संत्र्याच्या बिया, कोणी तरी चोखून
बापाच्या नजरेआड दडपलेल्या.
हेराल्डमधून एक दुधाचा दात, कागदाच्या पुडीत,
पुडीवर शिसपेन्सिलनं: बेबी.

साहेबांना दाखवला होता.
म्हणाले, कचरा आहे. कंपनीचा नाही.

म्हणून मी ठेवला, बिस्किटाच्या डब्यात.
एकच.
आता ट्रंक आहे. प्रत्येक पुडीला दोरा,
दोऱ्याला गाडीचा नंबर.
बायको म्हणते, लोकायच्या शेंबडाचे रुमाल काऊन सांभाळता?
मी म्हणतो, हात नको लावू, क्रम बिघडतो.

परवा साहेब पाणी प्यायला आत आले,
ट्रंक उघडी होती.
खाली बसले, गुडघा कुरकुरला तरी.
एकेक दोरा वाचला.
पुडी उघडली, दात तळहातावर घेतला,
चष्मा वर सरकवून पाहत राहिले,
जसं फक्त चासीचा नंबर पाहतात.
"हेराल्डसोबतचं आहे हे," म्हणाले,
"म्हणजे मूळचंच. बोला, किती?"

मी दात घेतला, पुडी बांधली.
साहेब, विकायचं नाही.
माझा आवाज छिंदवाड्याहून आला.

बायकोनं आतून विचारलं, चहा टाकू का दोघांचा?
टाक, म्हटलं.
चहा झाला. गप्पच झाला.
दारात चपला घालताना त्यांनी पुन्हा विचारलं,
हजार रुपये वाढवून.